तक्रारदार टपरीवर बसायचे

प्रिय रामटेके काका,

सप्रेम जय भीम. तुम्ही होतात तेव्हा हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. तुम्ही सॅल्यूट ठोकायचात, मी मान हलवून केबिनमध्ये शिरायची.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि पत्र आज लिहितेय. कारण आज दुपारी ठाण्याच्या फाटकाशी एक म्हातारी उभी होती. आत येईना. मीच बाहेर गेले तर विचारते, "रामटेके जमादार कुठी हायेत जी?"

"ते वारले, मावशी," मी म्हटलं.

तिने पदर तोंडाला लावला आणि वळून चालू लागली. काका, मी ठाणेदार, पण त्या बाईच्या मागे रस्त्यावर अक्षरशः धावले!

पारबताबाई तिचं नाव. तुम्हाला आठवत असेलच. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तिचं गाव उठलं, तेव्हा तुम्ही बंदोबस्ताला होतात म्हणे. "बाकीचे काठ्या घेऊन उभे, अन् यायनं माही धानाची कोठी उचलून ट्रॅक्टरवर ठेवून देली," ती सांगत होती. "पोलिसाईत तेवढाच एक वळखीचा मानूस होता माह्या."

मी इथे बदलून आले तेव्हा माझ्या डोक्यात केवढी मोठी यादी होती! मी साताऱ्याकडची. तुमचं 'काहून' आणि 'कायले' म्हणजे नुसतं 'का', हे समजायलाच मला महिना लागला. पण ठाणं कसं सुधारायचं, ते मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भिंती रंगवल्या, जप्तीच्या गाड्या मागे हलवल्या, आठ कॅमेरे बसवले. महिलांसाठी समोरच काचेची खोली केली. सगळं कसं उघड, पारदर्शक!

तुम्ही एकदाच बोललात. "म्याडम, त्या काचीले काही आड लावा जी. बाहेर गावचे लोकं बसून रायतेत. बाईमानूस बोलन कशी?"

"काका, आता जुनं काही चालणार नाही," मी म्हटलं होतं. किती हसून म्हटलं होतं!

मग ते कॅमेऱ्यातलं चित्र. एक बाई फाटकाशी येते, तुम्ही तिला समोरच्या टपरीवर नेता, अर्धा तास बोलता आणि ती आत न येताच निघून जाते. मी तुम्हाला बोलावून मोबाइल तुमच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"चाय पाजत होतो म्याडम."

"तक्रारदाराला? आणि ती परत का गेली?"

"भेली होती. उद्या येईन ते."

"मिटवलंत ना प्रकरण?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "तुमाले तसं वाटते त लिवा जी."

आणि मी लिहिलं. कर्तव्यात कसूर केल्याचा, तुमचा कसुरी अहवाल वर पाठवला. 'तक्रारदारांशी संशयास्पद व्यवहार.' निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाला भंडाऱ्याला मुख्यालयात जमा केलं, गार्ड ड्युटीवर. का भांडला नाहीत माझ्याशी? एकदा तरी टेबलावर हात आपटायचा होता! तीस वर्षांची नोकरी तुमची, आणि मला दोन शब्द सुनावता आले नाहीत? पण हेही माझंच. सुनावता येईल अशी मी वागले होते का कधी?

तुम्ही गेल्यावर ठाण्यातल्या तक्रारी कमी झाल्या. आढावा बैठकीत माझं कौतुक झालं. गुन्हे घटले, सगळे म्हणाले. मीही तसंच मानलं. लोकांनी यायचंच सोडलं असेल, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

तुमची बातमी ग्रुपवर आली. ड्युटीवरून घरी आलात, अंगणात बसलात, पाणी मागितलंत आणि संपलं. मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि बंदोबस्ताला निघून गेले. तुमच्या घरी गेले नाही. वेळ नव्हता असं स्वतःला सांगितलं. खरं तर तोंड नव्हतं, काका.

आज पारबताबाईंना मी टपरीवरच बसवलं. चहा संपवून त्या बोलल्या. जावई रंजनाला, त्यांच्या मुलीला, वर्षभर मारतोय. त्या आधी दोनदा ठाण्यात येऊन गेल्या होत्या. पहिल्यांदा तुम्ही दिसला नाहीत म्हणून फाटकातूनच परतल्या. दुसऱ्यांदा हिंमत करून काचेच्या खोलीत बसल्या, तर बाहेरच्या बाकावर जावयाचा काका! टक लावून बघत होता. "मंग मी सांगतलं, रेशनकार्ड हरपलं म्हून." आमच्या शिपाई मुलीने त्यांना रेशनकार्ड हरवल्याचा दाखला लिहून दिला. मुलीचा मार सांगायला आलेली आई तो कागद घेऊन घरी गेली. दाखल्याखाली माझ्या ठाण्याचा शिक्का आहे.

परवा जावयाने रंजनाचा हात मोडला.

मी लगेच ग्रामीण रुग्णालयात गेले आणि तिचा जबाब स्वतः घेतला. गुन्हा दाखल झाला, संध्याकाळी जावयाला अटकही झाली. पण जबाब संपल्यावर रंजनाने विचारलं, "पयले काहून नाई आले जी तुमी?"

परत येऊन मी तक्रारींचं जुनं रजिस्टर काढलं. कॅमेऱ्यातली ती बाई दुसऱ्या दिवशी खरंच आली होती, काका. रीतसर तक्रार आहे. तुमच्या अक्षरात, तिच्या शब्दांत. खाली माझी सही. अहवाल लिहिण्याआधी मी फक्त एक पान उलटायचं होतं!

कसुरी अहवाल चुकीचा होता, चूक माझी होती, असं साहेबांना लिहून दिलंय. माझ्या नोंदीत जे यायचं ते येवो. उद्या हजेरीला सगळ्यांसमोर हेच बोलणार आहे. पण हे सगळं कागदावरचं आणि ठाण्यातलं झालं. तुमच्या घरचं राहिलंच.

वचन देते. रविवारी वर्दी न घालता तुमच्या गावी येईन. तुम्ही निर्दोष होतात, हे काकूंना सांगायची गरजच नाही, त्यांना ते माहीत आहे. मी काय केलं, ते सांगेन. त्या बोलतील ते ऐकून घेईन. आणि त्यांनी दार उघडलंच नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुमची अपराधी,
वैशाली