तणमोरीसाठी राखलेलं गवत

आई,

"नाचणाऱ्याकडे सगळेच बघतात गं, बसलेलीकडे कोण बघतं ते विचार," असं तू त्या माळावर म्हणालीस तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि मला वाटलं तू कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलते आहेस. समोर गवतातून तणमोराचा नर उडी मारत होता. काळाभोर, डोक्यामागे पिसांचे तुरे. माणसाच्या डोक्याएवढा उंच जायचा, टर्र करायचा आणि परत गवतात गडप. हा पक्षी संपत चाललाय, असं तेव्हा कुठे चार लोक बोलायला लागले होते. ते चारही इंदूरहून आपल्याबरोबर आले होते आणि दुर्बिणी लावून उड्या मोजत होते. तू शाळेत जीवशास्त्र शिकवायचीस म्हणून तुला बोलावलं खरं, पण हातात दिला चहाचा थर्मास. "वहिनी, पोहे एकदम कमाल हां!" म्हणायचे. मादी अंडी कुठे घालते असं तू विचारलंस, तर म्हणाले, "वो तो दिखतीच नाही ना वहिनी."

तू थर्मास माझ्या हातात दिलास आणि गवत कापणाऱ्या बायकांकडे गेलीस. त्यांना ती दिसत होती. म्हशींसाठी रोज हिरवं गवत कापताना विळ्यापुढून फडफडून उठायची. "या तो रोज दिखे, बई," त्यांच्यातली सर्वांत म्हातारी म्हणाली. तिला पुढे आपण दोघी जीजी म्हणायला लागलो. तू अगदी हरखलीस. घरटं दिसलं की त्याच्याभोवतीचं हातभर गवत सोडा, बाकीचं खुशाल कापा, असं सांगून आलीस. घरी येताना बसमध्ये तू गुणगुणत होतीस, ते मला अजून ऐकू येतं.

पुढच्या रविवारी गेलो तर बायकांनी तुझा शब्द अक्षरशः पाळलेला. अख्खा माळ भादरलेला आणि मध्ये शेंडीसारखे दोन झुपके उभे. लांबून, रस्त्यावरूनही दिसत होते. कावळ्यांनाही दिसले. झुपक्यात नुसती टरफलं होती. तू तिथेच मांडी घालून बसलीस. चौघांपैकी एक जण म्हणाला, "छोडो वहिनी, हे सरकारचं काम आहे." जीजी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्टरनी बई, तमने तो कागला ने नोतो दइ दियो!" कावळ्यांना तूच जेवायला बोलावलंस, म्हणून सगळ्या बायका हसल्या. आणि तू रडता रडता हसायला लागलीस. "गलती मेरी है," म्हणालीस. तुझ्या तोंडून ते वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. निदान माझ्या प्रगतिपुस्तकाच्या बाबतीत तरी नाही.

मग तू नाल्याकडची सगळी पट्टीच नवरात्रापर्यंत न कापता ठेवायची म्हणालीस. एवढ्या गवतात ती कुठे बसलीय हे कुठल्या कावळ्याला कळणार? जीजीने विचारलं, "ने भैंस कंई खायगी, तमारो भासण?" तू तिच्या कमरेचा जादाचा विळा मागून घेतलास आणि रस्त्याकडेच्या चढावर, जिथे कुणी जात नसे, तिथलं गवत कापायला लागलीस. काय हसल्या बाया! तुझं कापणं बघून म्हैससुद्धा हसली असती. पण तू पुढच्या रविवारी गेलीस, त्याच्या पुढच्याही. सोमवारी फळ्यापुढे तुझ्या फोड आलेल्या बोटांत खडू ठरत नसे. तिसऱ्या रविवारी जीजी सगळ्यांना घेऊन त्या चढावर चढली. पट्टी उभी राहिली.

पुढच्या वर्षीच्या भाद्रपदातली ती सकाळ. जीजी पदर तोंडात कोंबून हाताने खुणावते आहे, तू माझा खांदा इतका दाबला आहेस की दुखतोय, आणि पट्टीतून बाहेर येते आहे ती, मातकट, गवताच्याच रंगाची. मागे दोन पिल्लं. एक पिल्लू अडखळून पडतं, आणि सात बायका एकदम "अरे अरे अरे!" करतात. सगळी पसार. तुम्ही एकमेकींना दटावताय आणि हसताय. तुला इतकं खूश मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मधली बरीच वर्षं तिथे एकही तणमोर आला नाही. तरी बायकांनी पट्टी राखली. कुणी सांगायला जात नव्हतं, मीसुद्धा नाही. काल जीजीच्या नातीचा फोन आला, आधी नुसतं हसणंच ऐकू येत होतं. "मौसी, आ गई! पट्टी में बैठी है!" मी महूला एका शाळेत मुलांना याच पक्ष्याबद्दल सांगायला गेले होते, तिथल्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडले. शिपाई धावत आला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर एक कबूल करते. मुलांना मी त्या अंड्यांचा रंग रंगवून सांगते: शेवाळी, वर तपकिरी ठिपके. तो रंग जीजीने तुला सांगितलेला, तू मला. त्या टरफलांच्या चुऱ्याखेरीज मी ती अंडी कधी पाहिली नाहीत. तूही नाहीस. आपण गेलो की गवतात वाट पडते आणि त्या वाटेने कोल्हा येतो, म्हणून तू मला कडेलाच थांबवायचीस. नात म्हणते, मादी अंड्यांवरून चरायला उठते ती वेळ तिला ठाऊक आहे. तू नको म्हणून मान हलवते आहेस, दिसतंय मला. तरी विचारते. रविवारी नातीच्या मागोमाग, तिच्याच पावलांवर पाऊल टाकत, एकदाच जाऊन बघू?