काचेच्या दाराबाहेरच्या चपला

माय, चपला काहून काढल्या वं तू? कोणी सांगितलं होतं? नागपूरच्या सीताबर्डीवरचं ते तीन मजल्यांचं साड्यांचं दुकान, दार काचेचं, आतून थंडी हवा येऊन राहिलेली, आन् तू देवळात शिरल्यावाणी फुटपाथवर चपला काढल्या. मोठ्या घरच्या बाया सँडल वाजवत आत जाऊन राहिल्या होत्या आन् माही माय अनवाणी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बाई, आरती संध्याकाळी आहे." सारे हसले. तूही हसली. तेच मले आजवर खुपते.

उमरेडहून एसटीनं आलो होतो, नुसती काचेतली साडी जवळून पाहायले. तू हातमागावर साड्या विणणारी, तुले राहवत नव्हतं. काठ उलटा करून पाहिला आन् बाहेर आली. बाहेर तुह्या चपला नव्हत्या. डांबर उन्हानं मऊ झालेलं. मी माह्या काढून तुह्यापुढे केल्या तं डाफरली, "घाल पायात. आन् घरी बोलू नको. चाल, गाडी सुटन." स्टँडपर्यंत तू टाचांवर चालते आहे आन् मी मागून पाहते आहे. तवाच ठरवलं, कोणा सेठाच्या दारात मी चपला काढणार नाही.

पाळलंही. तू गेली, माग विकला, मी नागपुरात जेवणाचे डबे पोचवायचं काम धरलं. साहेबाच्या केबिनीत गेली तं चपला वाजवत गेली. लोक म्हणतात बाई फटकळ आहे. आहे! तुह्या वाटचंही मलेच बोलावं लागते.

आता तुह्या नातीचं लग्न आहे. शालू त्याच दुकानातला पाहिजे, म्हणून मी अडून बसली. नवरा म्हणते, "इतवारीच्या बाजारात काय कमी आहे?" कमी काही नाही. मले तिथंच जायचं आहे. काल एकटीच पाहून यायले गेली. चौकीदारानं दार धरलं, मी मुद्दाम पाय आपटत शिरली. वरच्या मजल्यावर स्टूल दिलं, पाणी दिलं. विकणाऱ्यानं एक शालू खालच्या पांढऱ्या चादरीवर सर्रकन सोडला. पदर माह्या पायापाशी येऊन थांबला.

आन् माह्या पायांनी आपल्या मनानंच चपला काढल्या.

"राहू द्या ना ताई, इथं कोणी काढत नाही."

"कापडापाशी चपला नेत नाही," मी म्हटलं.

तोंडून निघालं आन् आपली मागाची खोली डोळ्यापुढे आली. साऱ्यायच्या चपला उंबऱ्याबाहेर. सूत घेऊन येणाऱ्या सेठच्यासुद्धा. "उतरव गा सेठ," तू बसल्या जागेवरून म्हणायची आन् तो मुकाट उतरवायचा.

मं त्या दिवशी कोणासाठी काढल्या? त्या दुकानदारासाठी का त्याच्या कापडासाठी? इतकी वर्षं मी तुले भित्री समजून राहिली, आन् तू एका शब्दानं सांगितलं नाही. हा कागद टपालात जाणार नाही, डब्यांच्या पिशवीत पडून राहीन. पण एवढं ऐकून ठेव, काल शालू न घेताच मी उठली आन् चपला हातात धरून जिना उतरली.

रविवारी पोरीले घेऊन तिथं जायचं आहे. दारात ती विचारन, आजीनं इथं चपला काहून काढल्या होत्या. शनिवारच्या संध्याकाळपर्यंत सांग, सपनात ये नाही तं कशीही ये. नाही सांगितलं तं कापडासाठीच काढल्या होत्या, असं मी तिले सांगून टाकीन. मं मागून कुरकुर करशीन नको.