ओंकारेश्वरचा अंगठा

महाल, नागपूर
ज्येष्ठ शुद्ध दशमी

पूज्य दादांच्या चरणी,

गेल्या वर्षी संन्यास घेताना आपण स्वतःचे श्राद्ध केलेत. शास्त्राप्रमाणे आपला संसार तेथेच संपला. काटोलच्या सातबाऱ्यावर मात्र आपले नाव अद्याप आहे. म्हणून टाळेबंदीत सरकारने शेतकऱ्यांना दिलेले दोन हजार रुपये आपल्या खात्यात आले, आणि आठवड्यात कोणी काढलेही. शोध घेण्यास मी वहिनींसह बँकेत गेलो.

"ओंकारेश्वरला अंगठा लावून काढलेत," तेथील मुलगी म्हणाली.

वर्षभर आपली वार्ता नव्हती, त्यात ही महामारी. वहिनींनी तिला दोनदा विचारले, "अंगठा त्याईचाच हाये ना वं?" मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "भूक लागली असन, भाऊजी. पत्र नका धाडू. नाही तं तेथूनबी उठतीन."

म्हणून हे पत्र पोथीतच राहील. एक कुतूहल मात्र शमत नाही. ज्या हाताने सर्वस्वावर उदक सोडले, त्याने त्या पैशांचे काय घेतले असेल? वहिनी म्हणतात, चहापत्ती. आज त्यांनी आपल्या खात्यात स्वतःचे पाचशे रुपये भरले.

"सरकारचेच समजतीन," म्हणाल्या.

आपला अनुज,
वामन