भाऊ, मोर बेटर नसतं

दिघोरी
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. मोतीलालभाऊ,

नमस्कार. मोठ्या भावाला शिरसाष्टांग लिहायचं असतं असं पुस्तकात दिलं आहे, पण तेवढं वाकलं की माझी कंबर धरते, म्हणून साधाच घे. वहिनीला सांग, तिळाचे लाडू पोचले. जरा कडक झाले होते, पण तुझ्या मेहुण्याने दातांची पर्वा न करता सगळे संपवले. आम्ही इकडे बरे आहोत. तलावाचं पाणी उतरलं आहे, रोहू चांगला निघतो आहे. सकाळी मी टोपली घेऊन बाजारात बसते आणि दुपारी सूनबाई राखीसमोर पुस्तक घेऊन बसते. बाजारात मी गिऱ्हाइकांना रागावते, घरी राखी मला रागावते. हिशेब बरोबर होतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तुला एखादी गोष्ट पटली नाही की तू "ठेवतो" म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र तसं ठेवता येत नाही. शिवाय दहावीला पत्रलेखनावर प्रश्न येतो, त्यामुळे हातही बसतो आहे.

आता संक्रांतीच्या फोनबद्दल. तू म्हणालास, "बेबी, तुले या वयात दहावी कायले पाहिजे? घरात दोन पोट्टे दहावीले बसून राहिले, त्यात आत्याबी बसली, तर लोक मार्क लावून पाहतील का नाही?" मी म्हटलं, पाहू देत. मग तू निकेश आणि गुंजनचं सांगितलंस. जुळ्या लेकरांपैकी एकालाच पुढे नागपूरला ठेवायचं, दोघांचं होत नाही, आणि तुझं ठरलं आहे. वर मला हसत म्हणालास, "निकेश इज मोर बेटर दॅन गुंजन. आता तं तुले इंग्रजी समजते ना?"

मी गप्प झाले. तुला वाटलं मला वाईट वाटलं. मला हसू येत होतं भाऊ, पदर तोंडात धरला होता.

मोर बेटर नसतं. बेटर म्हणजेच जास्त चांगला, त्याला वरून आणखी मोर लावत नाहीत. सराव परीक्षेत मीही तेच लिहिलं होतं आणि राखीने त्याच्यावर लाल पेनाने अशी रेघ मारली की कागद फाटला. "आई, दोन-दोनदा मोठं करायचं नसते," म्हणाली. तेव्हापासून मी चुकत नाही. तू बारावी शिकलास, फॅक्टरीत साहेबांबरोबर बोलतोस, आणि तुला कोणी टोकलं नाही, याचं मला नवल वाटलं.

हा धडा मला सगळ्यात जास्त आवडला. लहान शब्दाला मागे शेपूट लागतं, स्मॉल, स्मॉलर, स्मॉलेस्ट. लांबलचक शब्दाला शेपूट पेलत नाही, मग त्याच्या पुढे मोर चालतो, साहेबापुढे चपराशी चालतो तसा. राखीने उदाहरण दिलं, रोहू मोठा, कटला त्याहून मोठा, मरळ सगळ्यात मोठा. मी म्हटलं, मरळ कुठला सगळ्यात मोठा, कटला मोठा. अर्धा तास वाद झाला. शेवटी राखीच्या नवऱ्याला, आपल्या इश्वरला विचारलं तर तो म्हणाला, "जो जाळ्यातून सुटते, तो सगळ्यात मोठा." राखीने त्याला उठवून अंगणात पाठवलं.

आणि गुडचं तर विचारूच नको. गुडचा बेटर होताना गुडचं एक अक्षर शिल्लक राहत नाही. मला ते वाचताना तू आठवलास. जवाहरनगरला क्वार्टर मिळालं, तू चांगल्याचा आणखी चांगला झालास, आणि आमच्या गावातला मोती त्यात कुठे गेला ते कळलं नाही. हे लागेल तुला. लागू दे.

बरं, माझ्या शाळेच्या दाखल्याचं. मागच्या पावसाळ्यात मी तो तुझ्याकडे मागितला होता, कारण बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म त्याशिवाय घेत नाहीत. घरचे सगळे कागद बाबांनी तुझ्या पेटीत ठेवलेले. तू तीनदा म्हणालास, शोधतो. चौथ्यांदा म्हणालास, सापडत नाही. आता शोधू नकोस. ऑगस्टमध्येच मी लाखनीला उतरून पुढे आपल्या शाळेत गेले आणि दुसरी प्रत काढून आणली. फॉर्म भरला. एवढे दिवस तुला सांगितलं नाही, कारण मी विचारलं की तू "शोधून राहिलो" म्हणतोस, ते मला ऐकायचं होतं.

शाळेत जागेश्वर नावाचे बाबू आहेत. नाव काय म्हणाले, मी म्हटलं बेबी. ते हसले. "बाई, हे तं लाडाचं नाव झालं, खरं सांगा." मी म्हटलं, खरं हेच आहे, लाड काही नव्हता. मग त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत माझ्या नावावर आले आणि चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तं वर्गात दुसऱ्या आल्या होत्या. मग शाळा काहून सोडली?"

मी सांगितलं, घरी काम होतं.

भाऊ, इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. एकदा चहा ठेवला, एकदा शेजारच्या देवकाबाईचं सूप परत देऊन आले. आता लिहितेच.

नववीचा निकाल लागला त्या दिवशी मी बाजारात होते. माय खाटेवर होती, टोपली मीच नेत होते. तू सातवीत एकदा राहिला होतास म्हणून आपण दोघं एकाच वर्गात. बाबा आठवडाभर आधीपासून म्हणत होते, "एकच जन पुढे शिकन, एकाले घरी राहा लागन. जो जास्त हुशार तो जाईन." निकाल आणायला तू गेलास. संध्याकाळी मी परत आले तर तू दारात उभा होतास, आणि माझ्या पायांकडे पाहत म्हणालास, "बेबी, तू नापास झाली." मायने कूस बदलली. तू पंधरा दिवसांत भंडाऱ्याच्या वसतिगृहात गेलास.

आषाढात घर गळायला लागलं. छपरावरच्या कौलांचे कवेलू फेरायला मी वर चढले. तुझ्या खाटेच्या बरोबर वर, कवेलूखाली, एक घडी केलेला कागद होता. माझं प्रगतिपत्रक. इंग्रजी शंभरपैकी अडुसष्ट. शेरा, उत्तीर्ण, वर्गात दुसरी. तुझे इंग्रजीचे एक्केचाळीस होते, तेही मला ठाऊक होतं, तूच सांगितले होतेस.

म्हणजे मला बत्तीस वर्षांपासून माहीत आहे. रजिस्टर पाहायला मी गेले नव्हते, मला फक्त दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते ऐकायचं होतं.

तू ते फाडलं नाहीस. फाडलं असतंस तर मला तुझा राग धरणं सोपं गेलं असतं. मीही ते घेऊन खाली उतरले आणि बाबांना दाखवलं नाही. लोकांना वाटेल, भावावरच्या मायेपोटी. थोडी माया होतीच, नाही कशाला म्हणू. पण खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटली की बाबा तुला परत आणतील आणि तरीही मला पाठवणार नाहीत. मग दोघंही घरी बसलो असतो. म्हणून मी तो कागद माझ्या परकरांच्या खाली ठेवला आणि नापास झाले. सासरी नापास, बचत गटात नापास. पोराने विचारलं, आई तू किती शिकली, तर त्यालाही तेच सांगितलं. तुझ्या लबाडीला मी एवढी वर्षं खाऊ-पिऊ घातलं आहे. त्यात माझा वाटा आहे आणि त्याची मला लाज वाटते.

आता ते बंद.

गुंजनचा मला फोन आला होता. म्हणाली, "आत्या, बाबानं पेपरच्या आधीच ठरवून टाकलं. मग मी पेपर कायले लिहू?" सहामाहीत तिला निकेशपेक्षा किती जास्त पडले ते तिने सांगितलं. तुलाही माहीत आहे. तरी तू म्हणतोस निकेश हुशार. तो बिचारा काही म्हणतच नाही, त्याला मोटार दुरुस्तीचं शिकायचं आहे, तेही गुंजननेच सांगितलं.

पोरगा आहे म्हणून त्याला पाठवतो, असं तुला म्हणायचं असेल तर तसं म्हण. तोंडावर म्हण, मी तोंडावर भांडीन. पण हुशारीचं नाव घेऊन नको. ते आपल्या घरात एकदा झालं आहे. तिला तू दारात उभं राहून नापास म्हणू शकणार नाहीस. आता निकाल मोबाइलवर येतो, तो कवेलूखाली बसत नाही.

सोबत माझ्या प्रगतिपत्रकाची झेरॉक्स आहे. घडीच्या जागी काळी रेघ आली आहे, पण अडुसष्ट नीट वाचता येतं. पेपर सुरू व्हायच्या आधी हे गुंजनला तू स्वतः दाखव, आणि काय झालं होतं तेही तूच सांग. तिला एवढंच कळू दे की निकाल लागल्यावर तिचे गुण मोजले जातील, आणि जास्त आले तर नागपूरला ती जाईल. तू नाही सांगितलंस, तर पहिल्या पेपरच्या आदल्या रविवारी अस्सल कागद घेऊन मी जवाहरनगरला येईन आणि तुझ्या क्वार्टरच्या बैठकीत बसून वाचून दाखवीन. मासळी बाजारात बसणाऱ्या बाईचा आवाज किती जातो ते तुला माहीत आहे. शेजारच्या क्वार्टरलाही ऐकू जाईल.

तोंड वाकडं करू नकोस. मला तुझी नोकरी नको, माफी तर मुळीच नको, ती घेऊन मी ठेवू कुठे. मला इंग्रजीचा पेपर लिहायचा आहे आणि गुंजननेही तिचा लिहायला हवा.

एक शेवटचं, पुस्तकातलंच. इंग्रजीत वयाने मोठ्याला ओल्डर म्हणतात, त्याच्यामागे दॅन लागतो, कोणापेक्षा मोठा ते सांगावं लागतं. पण घरातल्या मोठ्या भावाला एल्डर म्हणतात, आणि राखी म्हणते एल्डरच्या मागे दॅन लावायचा नसतो. मी तिला तीनदा विचारलं, नक्की ना? नक्की म्हणाली. म्हणजे भाऊ मोठा असायला बहिणीने कमी असावं लागत नाही. तू माझा एल्डर आहेस, तेवढं कोणी काढून घेत नाही. निकेशही गुंजनहून अकरा मिनिटांनी मोठा आहे, त्यालाही तेवढंच पुरे.

वहिनीला नमस्कार. दोन्ही लेकरांना आशीर्वाद, दोघांना सारखा.

आजवर प्रत्येक पत्राखाली मी "तुझी लहान बहीण" असं लिहीत आले. आज नीट लिहिते.

तुझी बहीण,
बेबी,
नववी पास