उसन्या काडतुसांचा बंदोबस्त

मुर्धे, आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८५९

तीर्थरूप नारोमामा यांचे सेवेशी,

मुर्ध्याहून भाचा रामनाथ याचा साष्टांग नमस्कार पोचावा. इकडे सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर दसऱ्याच्या दिवशी माझे डोळे जे पांढरे झाले ते अजून जागेवर आलेले नाहीत. तुमचा दमा कसा आहे? मामींचा गुडघा? (तुमची छत्री आमच्याकडे सुखरूप आहे, काळजी नसावी.) अक्षर गोड मानून घ्यावं.

उत्तनचा कॅजिटन तुम्हाला आठवत असेल. माझ्या लग्नात बँडपुढे नाचताना तुमचा पाय तुडवला तोच. मला मिठागराच्या राखणीसाठी आणि त्याला वाडीच्या राखणीसाठी सरकारने रिव्हॉल्वरचा परवाना दिला. चोर काही दोघांकडेही फिरकले नाहीत, म्हणून आम्ही बांधावर घासलेटचे रिकामे डबे मांडून नेमबाजी शिकलो. इतकी वर्षं आमचं मीठ त्याच्याकडे जातंय आणि त्याची मासळी आमच्याकडे येतेय, त्यात कधी हिशेब झाला नाही. माणूस लाखात एक. खोड एकच, काडतुसं कधी स्वतःची आणायची नाहीत. दोघांची रिव्हॉल्वरं बत्तीस बोअरची, त्यामुळे हा आला की पहिला हात माझ्या डब्यात. बाजारात गेलो की आणून देतो म्हणायचा. त्या बाजाराची वाट मी अजून बघतोय. (मीही कधीमधी त्याच्याकडून घेतली असतील, पण ती अडचणीपुरती. ती गोष्ट निराळी.)

पावसाळ्याआधी भाईंदरच्या बाजारात त्याने पुन्हा मागितली तेव्हा माझं डोकं फिरलं. चार लोकांदेखत मी त्याला बोललो, की अरे, दुसऱ्याच्या काडतुसांवर नेमबाज म्हणवून घ्यायला लाज कशी वाटत नाही. तो म्हणाला, "आनि तू?" आणि चालता झाला. मामा, मला त्याचा अर्थच कळला नाही. पाऊस संपला, होड्या समुद्रात गेल्या, पण आमच्या दारात बोंबीलसुद्धा आला नाही. तुमची भाचेसून पुष्पलता रोज वालाचं बिरडं वाढते आणि वाढताना एक शब्द बोलत नाही. नाताळानंतर त्याच्या लेकीचं, इनेझचं लग्न आहे. तिला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय, पण आमंत्रण सोडा, निरोपसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मासळीपेक्षा तो माणूस नसल्याचंच जास्त लागत होतं.

तरी हट्ट सोडेन तर तुमचा भाचा कसला. उद्या समेट झाला तरी त्याने काडतुसं मागायची सोयच राहू नये, असा कायमचा बंदोबस्त करायचा मी ठरवलं. म्हणजे रिव्हॉल्वरच असं घ्यायचं, की त्याची गोळी दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही. फोर्टातल्या एका दुकानी गेलो. पंचेचाळीसच्या आसपासचं लष्करी बोअर आपल्याला मना, सरकारला आपली काडतुसं आपल्या हाती पडायला नको आहेत. (त्या बाबतीत सरकारचं आणि माझं दुःख एकच.) बत्तीस तर गावोगाव झालंय. तीनशे ऐंशी काशीगावच्या निवृत्त मास्तरांकडे आहे, म्हणजे उद्या मास्तर मागतील. बावीस दाखवलं तर त्याने डबा पडायचा नाही, फार तर रागवेल. शेवटी दुकानदाराने मखमलीच्या पेटीतून एक फ्रेंच रिव्हॉल्वर काढलं. आठ मिलिमीटर बोअर, मागच्या लढाईतल्या कुणा फ्रेंच अंमलदाराचं. वजन बेताचं, धक्का सौम्य, नेम सरळ, आणि गोळ्या घालायचं चक्र उघडतं तेही उजवीकडे! जगाची चक्रं डावीकडे उघडतात. म्हणजे हे धरायलासुद्धा कोणाला सवय नाही. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "सेठ, ऐसा पीस पूरे बम्बई इलाके में दूसरा नहीं." माझा जीव भांड्यात पडला. जुनं बत्तीस त्यालाच देऊन टाकलं, परवान्यावर नवं चढवून घेतलं, आणि काडतुसांचा एकुलता एक डबा होता तो छातीशी धरून घरी आलो. आणखी हवी तर पाँडिचेरीहून मागवावी लागतील असं तो म्हणाला होता. तेव्हा मला ते वाक्य गोड वाटलं.

आता आमच्या रखमाआत्याचा प्रताप ऐका. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात हे तुम्हाला सांगायला नको. मिठागराची फावडी आली, कोयते आले, सोबत मी रिव्हॉल्वर आणि काडतुसांचा डबाही पाटावर ठेवला आणि हार आणायला गेलो. आत्याला काडतुसं काळवंडलेली दिसली. पितळ म्हटल्यावर तिचा हात थांबतो होय? तिने ती एकेक करून चिंचेने घासली, राखेने उजळली आणि वर पंचामृताने न्हाऊ घातली. इतकी मौल्यवान चीज पूजेनंतर उघड्यावर कशी ठेवायची, म्हणून रात्रभर मिठाच्या रांजणात खोल पुरून ठेवली. आमच्या घराण्यात जे टिकवायचं ते मिठात जातं. कैऱ्या जातात, मासळी जाते, तशी काडतुसं गेली. रिव्हॉल्वर तेवढं पुष्पलताने कपाटात ठेवलं होतं म्हणून वाचलं. मला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी गाडीत बसताना आत्याने फडक्यात बांधलेली पुरचुंडी हातात दिली. जड लागली. मला वाटलं, शकुनाचं काहीतरी असेल बरोबर.

दसऱ्याला चेण्याला डोंगराखाली पाटलांच्या शेतात आसपासचे परवानेवाले जमतात. डबा मांडतात, ज्याने पाडला त्याला मानाचा नारळ. आजवर तो नारळ एकतर माझा किंवा कॅजिटनचा, आणि कोणाचाही असला तरी तिथेच फोडून अर्धा अर्धा खायचा हे ठरलेलं. या खेपेला तो पलीकडच्या झाडाखाली पाठ करून उभा होता. मनात म्हटलं, बोलावं का? पण आधी नवं रिव्हॉल्वर दाखवावं, मग बोलावं. पाटलांनी माझं नाव घेतलं. मी ऐटीत उजवीकडे चक्र उघडलं, पुरचुंडी सोडली, आणि मामा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत मीठ! आणि त्या ओलसर मिठात हिरवीगार झालेली माझी फ्रेंच काडतुसं. दोन तरी चालतील म्हणून पुसून घातली. चाप ओढला, नुसती टक. पुन्हा ओढला, पुन्हा टक. लोक खोकू लागले. मी शरम गुंडाळून एकेकाकडे हात पसरला. बत्तीसची गोळी चक्रात खुळखुळली. मास्तरांची तीनशे ऐंशीची आत शिरेना. ज्या दुकानदाराचं वाक्य ऐकून मी खूश झालो होतो, त्याच्याच नावाने तिथे मनातल्या मनात बोटं मोडली. सबंध साष्टीत मला काडतूस देईल असा एक माणूस मी स्वतःच शिल्लक ठेवला नव्हता.

तेवढ्यात समोर एक तळवा आला. त्यावर एक काडतूस. आठ मिलिमीटर, फ्रेंच, लखलखीत. वर बघतो तर कॅजिटन. त्याच्या कमरेला माझ्याच रिव्हॉल्वरचं जुळं भावंड! अंमलदाराची जोडी होती, मामा. त्या भल्या दुकानदाराने एक मला विकलं आणि त्याआधी दुसरं याला, तेच वाक्य ऐकवून. हे कधी घेतलंस, एवढंच मी कसंबसं विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्याच पायी घेतलं, रामा. तू मागशील म्हनून."

मी! मी मागतो! मामा, मी त्याला सांगायला तोंड उघडलं की माझी ती अडचणीपुरती, ती गोष्ट निराळी. पण त्याचंच काडतूस माझ्या हातात होतं, त्यामुळे शब्द काही बाहेर पडेना. तिथे तेवढ्या लोकांसमोर माझे डोळे भरून आले. त्याचेही भरले असावेत, कारण त्याने धुळीला शिव्या घातल्या आणि तिथे धूळ नव्हती. मग त्याला हसू फुटलं, मग मला. हसता हसता मी गोळी झाडली ती डोंगराला लागली. त्याचीही डोंगरालाच लागली. नारळ काशीगावच्या मास्तरांनी नेला. आम्ही रिकाम्या हाताने एकाच गाडीतून परत आलो, आणि काल सकाळी दारात बोंबलांची टोपली येऊन पडली. पुष्पलता आधी टोपलीशी बोलली, मग माझ्याशी. आत्याला विचारलं तर ती म्हणते, मीठ सोसत नाही अशी वस्तू घरात आणलीच कशाला?

मामींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
रामनाथ

ता. क. पत्रास कारण हेच, की दिवाळीला येताना फोर्टातल्या त्या दुकानदाराच्या मानगुटीवर बसून पाँडिचेरीहून आठ मिलिमीटरच्या काडतुसांचा एक डबा मागवून घ्यावा. परवान्याचा कागद सोबत धाडतोय. कॅजिटनला मात्र यातलं काही कळू देऊ नये. कळलं तर मागेल.

ता. क. पुन्हा. छत्री तुम्ही याल तेव्हा परत देणारच होतो, पण इनेझच्या लग्नात उन्हाला बरी पडेल. आमंत्रण आलंय.

ता. क. आणखी एक. घरात तिकीट नाही. कॅजिटन आत्ताच आलाय, त्याच्याकडे असेल, तोच चिकटवून पोस्टात टाकील. पाकीट उघडंच देतोय, पण तो दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्यातला नाही.

मामा, सगला वाचला. डबं दोन आना, आनि दोनी माज्या घरी ठेवा. ह्याच्या घरी मीठ लय हाय. — कॅजिटन