छातीतली चरबी आणि वडिलांची कात्री

मी, धंद्याने शिंपी, वय एकोणपन्नास, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, देवाच्या कृपेने पूर्ण शुद्धीत असून, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी एक लिहिले होते, ते रद्द समजावे. ते भीतीने लिहिले होते.

कारण नमूद करतो. खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या फोटोत सावली दिसली. सुईने तुकडा काढून तपासला. सुईचे मला काही नाही, जन्म तिच्यासोबत गेला. पण निकाल येईपर्यंत घशाखाली घास उतरेना. मग डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या.

"काका, ही थायमस नावाची ग्रंथी आहे. छातीच्या हाडामागे असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी लहानपणी इथे तयार होतात. वय वाढलं की ती आक्रसते आणि तिच्या जागी चरबीच्या पेशी साठत जातात. सगळ्यांचंच होतं. तुमची जरा मोठी दिसली, एवढंच."

"मग आता लढणार कोण?"

"तेव्हा शिकून बाहेर पडलेल्या पेशी अजून पहाऱ्यावर आहेत की. नव्या कमी येतात, म्हणून खोकला अंगावर काढत जाऊ नका."

ही चरबी येते कुठून, तेही विचारले. ग्रंथीच्या चौकटीतल्याच काही पेशी रूप पालटून चरबीच्या होतात असे दिसते, पण पुरते अजून उलगडलेले नाही, असे त्या म्हणाल्या. न उलगडलेले देवाकडे सोपवून मी घरी आलो आणि पोटभर जेवलो.

१. राहते घर पत्नीचे. हे तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "घर माझंच आहे, तुम्ही आधी त्या शाळेच्या कपड्यांची बटणं लावा."

२. शिलाई मशीन व बँकेतली ठेव मुलीची. ती शिवणार नाही, हे ठाऊक आहे. मशीनला तेवढे तेल घालावे.

३. शेजारच्या फोटोवाल्याला माझी मोजपट्टी. कंबर वाढलेली नाही, पँट आटली, असे तो दरवर्षी मला ऐकवतो. यापुढे पट्टीशी भांडावे.

४. वडिलांची मोठी कात्री थोरल्या भावाला. त्याचे दुकान समोरच आहे. वडिलांमागे ती कोणी ठेवायची यावरून आमचे बोलणे बंद झाले, ते झालेच. सावलीची बातमी कळताच त्याने माझ्यासाठी शर्ट शिवून पाठवला. माप घ्यायचे तर बोलावे लागले असते, म्हणून आठवणीने बेतला. छातीत घट्ट झाला. मी चिडून पत्नीला म्हटले, "बघ, याच्या लेखी मी अजून विशीतलाच." मग शर्ट उलटा केला. दोन्ही शिवणींच्या आत, पुढे उसवून सैल करायला, कोणी सोडत नाही इतके जास्तीचे कापड दुमडलेले. सगळे माझ्या मरणाच्या गोष्टी करत असताना हा गृहस्थ मी पुढे जाड होणार हे धरून बसला होता.

५. मी गेल्यावर अंगात तोच शर्ट घालावा. तोवर त्या शिवणी पुरत्या उसवून संपलेल्या असाव्यात, एवढे देवाकडे मागणे आहे.

सहीपूर्वीची दुरुस्ती: साक्षीला यावे, असा निरोप पत्नीने भावाकडे नेला. तो आला. कागद तपासायला आलेले वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळतंय त्याला साक्षीदार करू नये. कात्री घ्या, नाहीतर सही करा."

"कात्री खोडा," भाऊ म्हणाला. "हा कुठं मरतोय? लागली तर मागून नेईन."

सबब कलम ४ मधील कात्री रद्द. जो सकाळी दुकान आधी उघडेल, त्याने ती वापरावी.

सही करण्याआधी त्याने खिशातून पट्टी काढून माझी छाती मोजली.

"चांगलीच वाढलीय."

"आतली चरबी आहे, दादा. वयाची."

"आतली कसली? सगळी बाहेर आहे. हात वर कर."

हात खाली आल्यावर मी सही केली.

सही: शिंपी, धाकटा
साक्षीदार १: शिंपी, थोरला
साक्षीदार २: पत्नीचा मामा, निवृत्त पोस्टमन (फोटोवाल्याला पट्टी मिळणार असल्याने तो बाद, तो रुसून बाकावर बसला आहे)
ठिकाण: दुकान, कापड बेतायच्या टेबलावर
तारीख: ९ मार्च