पात्याखालचा पाला

तुतिकोरीन बंदर,
ता. ६ फेब्रुवारी १९९५

ती. सुनंदाअक्का हिस,
बन्सीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे बरा आहे. रतिलाल दाजींची रेल्वेतली ड्यूटी कशी चालली आहे? भुसावळची थंडी आता ओसरली असेल. इथे ती येतच नाही, त्यामुळे तू विणलेला स्वेटर पेटीत नवाकोरा पडून आहे. लग्नात घालीन म्हणतो, कोणी मुलगी दिलीच तर.

दिवाळीपासून तुझं पत्र नाही. मी तीन टाकली, हे चौथं. रागावलीस ते कळतं, पण निदान शिव्या तरी लिहून पाठव, तेवढंच मराठी वाचायला मिळेल. इथे माझ्याशी मराठी बोलणारं कोणी नाही. जेवताना मी स्वतःशीच बोलतो आणि मेसवाला आणखी सांबार वाढून जातो.

तू मागे विचारलं होतंस, बंदरावरचा कारकून नेमकं करतो काय? पवनचक्क्यांचं सामान डेन्मार्कहून बोटीने येतं. ते उतरवून घ्यायचं, यार्डात नीट ठेवायचं आणि लांब ट्रेलरवर डोंगराकडे रवाना करायचं. एकेक पातं आपल्या असोद्याच्या ओट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत पोचेल एवढं. तिकडचा साहेब सांगतो, त्यांच्या देशात आता पवनचक्क्या भर समुद्रात उभ्या केल्यात, खिळ्यापासून सगळं बंदरातूनच न्यावं लागतं. मी विचारलं, तिथे कामाला गेलेल्या माणसाला घरची आठवण आली तर तो काय करतो? साहेब खूप हसला. मी काही विनोद केला नव्हता.

अक्का, आता खरं लिहितो. तीनही पत्रं त्यासाठीच लिहायला घेतली होती आणि हवापाण्यावर आटोपली.

मागच्या मार्चमध्ये बोटीतून नऊ पाती उतरली आणि खाली घालायच्या गाद्या तिघांनाच पुरल्या. तीन पाती लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. आणखी तीन उरली. तेव्हा मला आबा स्टेशनात भरायचे ती केळीची वॅगन आठवली. आबांनी भरलेले केळीचे घड दिल्लीपर्यंत न दबता जायचे, कारण खाली पाल्याचा बिछाना असायचा. इथेही केळीला तोटा नाही. मी गाडीभर हिरवा पाला आणवला, पात्यांखाली जाड अंथरला आणि वरून ताडपत्री बांधली. कोणाला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताडपत्री सोडली तर पांढऱ्याशुभ्र पात्यांवर काळपट डाग. चीक! आबा पाला आधी उन्हात सुकवून घ्यायचे. मी त्यांचं काम कधी नीट बघितलंच नाही, तर मला कुठून ठाऊक असणार? साबण, रॉकेल, लिंबू, सगळं घासून झालं. केळीचा डाग कुठे जातो?

घर सोडताना मी आबांना काय बोललो ते तू ऐकलंस. "तुमच्यासारखे चिकाने काळे झालेले हात घेऊन मले जगायचं नाही." आबा एवढंच म्हणाले, "जाय बापा. पन डाग पडलेल्या हातांले हासू नको." मी पिशवी उचलली आणि निघालो.

त्या पात्यांपाशी घासत बसलो होतो तेव्हा तुझी तार आली. आबा सीरियस, लगेच ये.

मी तुला लिहिलं की रजा मिळाली नाही. अक्का, मी रजा मागितलीच नव्हती. साहेब दोन दिवसांनी पाती तपासणार होता. वाटलं, नोकरी जाणार. मग त्याच चिकापायी नोकरीवरून हाकललेला मी आबांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? आधी तपासणी होऊ दे, मग निघू, असं म्हणत तार खिशात घालून घासत राहिलो. आबांकडेही दोनच दिवस होते. ते दाराकडे बघून "आला का वं बन्सी?" विचारत राहिले, हे तूच लिहिलंस. शेवटी अग्निडाग चुलतभावाने, झुलालने दिला.

साहेबाने डागावर बोट फिरवलं, नखाने खरवडलं, हुंगलं. म्हणाला, नुसता रंग बिघडलाय, पातं शाबूत आहे. ठोकळ्यांवरच्या तिन्ही पात्यांच्या कडा मात्र दबल्या होत्या. ही युक्ती कोणाची, त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांची. "मग त्यांना कळव," तो म्हणाला. मी धावतच तार करायला गेलो. खिडकीवरच्या माणसाने माझं नाव वाचलं आणि तुझी दुसरी तार माझ्या हातात ठेवली.

आता इथे पाला सुकवून घालतात. ती डागाची पाती डोंगरावर फिरतात. रविवारी मी बसने तिथे जातो आणि खाली बसून बघतो. मला फार एकटं वाटतं गं अक्का. परवा मोठ्याने म्हणालो, "आबा, तुमचा पाला कामी आला." आजूबाजूला ऐकायला कोणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात आबांचं वर्षश्राद्ध. या वेळी मी रजा मागितली. साहेबाने लगेच दिली. म्हणजे तेव्हाही दिली असती.

मद्रासला गाडी बदलून पाच मार्चला पोचेन आणि थेट असोद्याला येईन. तूही तोवर तिथे आलेली असशील. आबांची चिकाने काळी झालेली बंडी कोणाला दिली नसशील तर ओट्यावरच्या खुंटीला अडकवून ठेव. ती दिसली तर आत येईन. नाही दिसली तर मारुतीच्या पारावर बसून राहीन, श्राद्ध उरकेपर्यंत. तुला दोष देणार नाही.

दाजींना नमस्कार.

आबांच्या पाया न पडता निघालेला,
बन्सी